जिल्हा विधी सेवा प्राधिकरण : वकीलबाई पोटात ठेवतात, रजिस्टर ठेवत नाही

नणंदेच्या कौटुंबिक हिंसाचाराच्या केससाठी तिला घेऊन आमच्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणात गेले होते. मोफत वकील मिळतो का, बरा मिळतो का, हे पुष्कळ जण विचारतात. मिळाला, बाई हुशार आहेत, तो विषय संपला. मी लिहितेय ते आपण तिथे दिलेल्या माहितीचं पुढे काय होतं याबद्दल. नणंद सध्या कुठे राहते हे तिच्या नवऱ्याला कळता कामा नये, आमची सगळी धडपड तेवढ्यासाठी. त्यात मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क, त्यामुळे माझं लक्ष माणसांआधी टेबलावरच्या कागदांकडे जातं.

टेबलावर रजिस्टर उघडं पडलेलं. नाव, गाव, मोबाइल, आणि शेवटी 'कामाचे स्वरूप'. आमच्या वरच्या ओळींत पोटगी, भावाशी जमिनीचा वाद, नवरा दारू पिऊन मारतो, असं सगळं नंबरांसकट लिहिलेलं. एका बाईने तर त्या बोटभर रकान्यात अख्खी कर्मकहाणी कोंबली होती. जिल्ह्याच्या ठिकाणी गाव आणि आडनाव वाचलं की कोण कुणाची ते कळायला वेळ लागतो का? मी नणंदेच्या ओळीत 'कायदेशीर सल्ला' एवढंच लिहिलं आणि कुणी हूं की चूं केलं नाही. म्हणजे तो रकाना कुणाला लागतच नाही, वर्षानुवर्षं आखत आलेत म्हणून आखलाय.

मात्र अर्ज भरून घेणाऱ्या विधी स्वयंसेवक ताईंना पैकीच्या पैकी मार्क. मोबाइल नंबर लिहिताना त्यांनी हात थांबवला आणि विचारलं, "हे सिम कुणाच्या नावावर आहे, ताई? मेसेज आला तर आधी कोण वाचतं?" सिम नवऱ्याच्या नावावरच होतं! त्यांनी तो नंबर घेतलाच नाही, माझा घेतला, आणि समोर 'फक्त या क्रमांकावर संपर्क' असं लिहिलं. आधारची झेरॉक्सही पूर्ण नंबरवाली नको म्हणाल्या. शेवटचे चारच आकडे दिसतात ते मास्क्ड आधार चालेल, म्हणाल्या. हे त्यांना कुणी शिकवलं की स्वतःहून सुचलं, कोण जाणे. शेजारच्या टेबलावर मात्र सरसकट पूर्ण झेरॉक्स घेत होते.

त्याच शेजारच्या टेबलाने आमच्याकडे उत्पन्नाचा दाखला आणि पासबुकाची झेरॉक्स मागितली. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे बाईमाणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. मग तिच्या खात्यात किती आहेत हे फायलीत कशाला? मी शांतपणे विचारलं, साहेबांनी आत सचिवांना विचारून येतो म्हटलं, आणि परत आले ते "राहू द्या" म्हणतच. जी विचारणार नाही तिची झेरॉक्स मात्र फायलीला लागणार.

विदा म्हणजे डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा इथे कितपत कामाचा, असं कुणी विचारेल. तो डिजिटल माहितीला लागू, किंवा कागदावरची माहिती नंतर संगणकात चढवली तर. टेबलावरचं ते रजिस्टर त्याच्या कक्षेत येतच नाही. त्यात कायदेशीर हक्क मिळवण्यासाठी लागणाऱ्या माहितीला कलम १७ ने बऱ्याच अटींतून सूट दिली आहे. माहिती सुरक्षित ठेवायची जबाबदारी मात्र त्या सुटीतही सुटत नाही. नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला पुढे १८ महिन्यांची मुदत. तोवर रजिस्टरवर एक पुठ्ठा ठेवायला कुणाची मंजुरी लागते?

वकीलबाईंकडे गेल्यावर जीव भांड्यात पडला. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ प्रमाणे पक्षकाराने सांगितलेलं त्याच्या संमतीशिवाय वकिलाला बाहेर सांगता येत नाही, वकिलाच्या कारकुनालाही नाही. बाईंनी ते पाळलं, कागदसुद्धा स्वतःच्याच व्हॉट्सअॅपवर मागवले. शिवाय आमच्या डोक्यातही नव्हतं ते त्यांनी दाखवलं. अर्जाची प्रत समोरच्याला जातेच, आणि केस कुठल्या कोर्टात टाकली यावरूनही बाई कुठल्या भागात राहते ते उघड होतं. कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम २७ तिच्या तात्पुरत्या राहण्याच्या ठिकाणी अर्ज करू देतं, तसंच जिथे प्रकार घडला तिथेही करू देतं. त्यांनी दुसरं निवडलं. पत्रव्यवहाराला माहेरचा, म्हणजे आमचाच पत्ता दिला. तो जावईबापूंना तोंडपाठ आहेच.

पाचपैकी तीन तारे. दोन कापले ते रजिस्टरचे आणि त्या शेजारच्या टेबलाचे. जाणार असाल तर आधी विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करून कागद कुठले लागतात ते विचारा, तेवढेच न्या. प्रत्येक झेरॉक्सवर 'फक्त विधी सेवा अर्जासाठी' असं लिहून तारीख टाका. आणि अर्ज भरायला त्या ताईंच्या टेबलावर नंबर लावा, रांग मोठी असली तरी.