इंदूरची नॅशनल लोक अदालत: कोणी जावे आणि काय ठरवून जावे

वर्षातून साधारणपणे चार वेळा, बहुधा महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, जिल्हा न्यायालयात भरणारी नॅशनल लोक अदालत नागरिकांच्या कितपत उपयोगाची आहे, असे लोकमान्यनगरातील आमची ज्येष्ठ मंडळी वरचेवर विचारतात. माझे मत असे की, वाद पैशांचा असेल आणि दोन्ही पक्ष एका आकड्याजवळ आलेले असतील, तर यापेक्षा स्वस्त आणि झटपट सोय दुसरी नाही. मात्र कोण खरे आणि कोण खोटे याचा निवाडा हवा असेल, तर तो शनिवार वाया जाईल.

याचे कारण कायद्यातच आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने लोक अदालतीच्या पीठाला तडजोड घडवून ती नोंदवण्याचे काम दिले आहे. गुणदोषांवर निर्णय देण्याचा अधिकार या पीठाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये एका निकालात स्पष्ट केले. तडजोड झाली नाही, तर प्रकरण मूळ न्यायालयात परत जाते आणि पुढची पेशी लागते. झाली, तर तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात येतो, भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्यावर अपील चालत नाही. हे शेवटचे कलम सही करण्यापूर्वी दोनदा वाचावे.

इंदुरात सर्वाधिक गर्दी असते ती नगर निगमच्या थकबाकीदारांची. संपत्तिकर आणि जलकर यांच्या अधिभारात त्या दिवशी सूट मिळते, झोन कार्यालयांतही भरणा होतो, आणि कामही बऱ्यापैकी सुरळीत चालते. मूळ कर मात्र माफ होत नाही, हे रांगेत उभे राहिल्यावर समजणारे दर वेळी भेटतात. वीज कंपनीच्या प्रकरणांतही सूट मिळते. वेळेवर कर भरणाऱ्याने ही सूट नुसती पाहत राहावी, हे मला आजही खटकते. तरी वसुली खोळंबण्यापेक्षा ते बरे, एवढेच म्हणता येईल.

अपघाताच्या भरपाईचे दावे हा या सेवेचा सर्वांत मोलाचा आणि तितकाच जोखमीचा भाग आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे वर्षे खाणारे प्रकरण इथे एका दिवसात मिटते, पण खरी घासाघीस आधीच्या बैठकींत होते. शनिवारी, खचाखच भरलेल्या दालनात, एकेका प्रकरणाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटे येतात. आमच्या परिचयातील एका कुटुंबापुढे विमा कंपनीच्या वकिलाने असाच एक आकडा ठेवला आणि ‘आज नाही तर पुढे कोण जाणे’ अशी घाई केली. घरच्यांनी मृताचे उत्पन्न, वय आणि अवलंबितांची संख्या यांवरून आपल्या वकिलाकडून हिशेब करवून आणला होता, म्हणून त्यांना नकार देता आला आणि पुढच्या बैठकीत रक्कम वाढवून घेता आली. असा कागद हाताशी नसेल, तर माझ्या मते त्या दालनात पाऊलच टाकू नये. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो, आणि 15100 या क्रमांकावर चौकशी करता येते.

धनादेश न वटल्याची प्रकरणे इथे चांगली मिटतात. फौजदारीत फक्त तडजोडयोग्य गुन्हेच घेतले जातात. घटस्फोट इथे मिळत नाही. पुन्हा एकत्र नांदायला निघालेल्या जोडप्यांना हार आणि रोप देऊन फोटो मात्र हौसेने काढले जातात.

याउलट, जिच्याबद्दल कोणी विचारतच नाही ती स्थायी लोक अदालत मला अधिक सरस वाटते. वाहतूक, टपाल, दूरध्वनी, वीज, पाणी, स्वच्छता, रुग्णालय, विमा अशा सेवांविषयीचे, 1 कोटी रुपयांपर्यंतचे वाद तिथे कोर्ट फी न भरता नेता येतात. आधी समेटाचा प्रयत्न होतो, आणि तो फसल्यास हे पीठ गुणदोषांवर निर्णयही देऊ शकते, त्यामुळे अडून बसलेल्या कंपनीपुढे तक्रारदार रिकाम्या हाताने उरत नाही. मुख्य अट अशी: तोच वाद आधी कोणत्याही न्यायालयात गेलेला नसावा. म्हणून विमा किंवा रुग्णालयाच्या बिलाचे भांडण असेल, तर दावा दाखल करण्यापूर्वीच आपल्या वकिलाला या पर्यायाविषयी विचारून घ्यावे.