पगार जप्तीचा बनावट हुकूम आणि माझे साडेतेरा हजार

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी हिशेबनीस आहे. कामगारांचं पगारपत्रक मीच करतो. पीएफ, ईएसआय, उचल, पतसंस्थेचा हप्ता, सगळी कपात माझ्या हातून मांडली जाते. आणि मी फसलो ते ‘तुझा पगार जप्त करू’ या धमकीलाच.

जूनमध्ये मुलीची पुस्तकं आणि गणवेश घ्यायचा होता, पगाराला अकरा दिवस बाकी होते. मोबाइलवर एका अ‍ॅपची जाहिरात दिसली: पाच मिनिटांत कर्ज, कागदपत्रं नकोत. आधार-पॅनचे फोटो टाकले, सेल्फी काढला. अ‍ॅपने फोनमधले संपर्क वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. सगळ्यात मोठी चूक हीच. मंजूर झाले ५,००० आणि खात्यात आले ३,०००. उरलेले दोन हजार ‘प्रोसेसिंग फी’ म्हणून आधीच कापले होते. फेडायचे मात्र पूर्ण पाच हजार, तेही सातव्या दिवशी. तीन हजारांवर आठवड्याला दोन हजार. एवढं व्याज तर गल्लीतला सावकारसुद्धा लावत नाही.

सातव्या दिवशी पैसे नव्हते. त्याच अ‍ॅपने दुसरं अ‍ॅप दाखवलं. तिथून ८,००० चं कर्ज, हातात ५,०००, त्यातून पहिलं फेडलं. पुढच्या आठवड्यात तिसरं, १३,००० चं, हातात ८,२००, त्यातून दुसरं. घरात खरे आले ते पहिले तीन हजार आणि वरचे दोनशे. डोक्यावर उभे राहिले तेरा हजार.

मग फोन सुरू झाले. मेव्हण्याला, शाळेतल्या बाईंना, कारखान्यातल्या जॉबरला माझा फोटो आणि खाली ‘चोर’ असा मेसेज गेला. तेही सहन केलं. चौथ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आली: वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, ‘वेतन जप्ती आदेश’, आणि प्रत म्हणून आमच्या कारखान्याचं नाव. सोबत ‘वकील’ म्हणवणाऱ्याचा फोन: उद्या हा हुकूम मालकांच्या टेबलावर जाईल, संपूर्ण पगार थांबेल, आत्ता ९,००० भरले तर प्रकरण मिटवतो. बायकोच्या कानातली फुलं गहाण टाकून पैसे भरले. दुसऱ्या दिवशी ‘कोर्ट फी’ म्हणून आणखी ४,५०० मागितले, तेही भरले. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला.

मला ते खरं का वाटलं, हे सांगायलाच हवं. पतसंस्थेचं पत्र आलं की मी हप्ता कापतो, कोर्टाचा हुकूम मागत नाही. मला वाटलं, कर्ज देणारा कुणीही असंच पत्र पाठवू शकतो. तसं नाही. सहकारी पतसंस्थेचं कर्ज घेताना कामगार स्वतः कपातीचा करार लिहून देतो, आणि १९६० च्या सहकार कायद्याच्या कलम ४९ खाली मालकाला तो पाळावा लागतो. अ‍ॅपवाल्याला हा अधिकार नाही.

जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात गेलो तेव्हा हे कळलं. तिथल्या वकीलताईंनी पीडीएफ पाहिली आणि विचारलं, “तुम्हाला दाव्याचं समन्स कधी मिळालं?” कधीच नाही. त्यांनी सांगितलेला क्रम असा: आधी दावा किंवा लवाद, मग हुकूमनामा किंवा निवाडा, मग दरखास्त, म्हणजे वसुलीसाठी कोर्टात अर्ज, आणि त्यानंतरच कोर्ट मालकाला पगारातून रक्कम कापायला सांगतं. तेव्हाही सगळा पगार जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित राहतात. माझा पगार १९,०००, म्हणजे फार तर ६,००० कापता आले असते. मजुराची मजुरी तर जप्तच होत नाही. पीएफलाही हात लावता येत नाही. पोटगीचा हुकूम असेल तर हिशेब वेगळा.

ताईंनी माझ्यासमोर ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर तो ‘केस नंबर’ टाकला. असा खटलाच नव्हता. असा कागद कुणाला आला तर पैसे भरण्याआधी एवढं तरी करा. आणि ही मदत फुकट मिळते: स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्नाची अट नाही. शहराच्या पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायकांना हे कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. फोनवर विचारायचं तर १५१००.

मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण सहा दिवसांनी. तोवर माझे पैसे त्यांच्या खात्यातून पुढे निघून गेले होते. पहिल्या तासात फोन केला असता तर कदाचित अडवता आले असते. बँकेत जाऊन ऑटो डेबिट बंद केलं; पगार जमा होताच पैसे उडतात ते त्या वाटेने, त्याला जप्ती म्हणत नाहीत. अ‍ॅपची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर नोंदवली. अ‍ॅपमागे कुठल्या बँकेचं किंवा वित्तसंस्थेचं नाव आहे ते आधी बघायला हवं होतं. माझ्या तिन्ही अ‍ॅपमागे कुणाचंच नव्हतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला फोनमधले संपर्क वाचताच येत नाहीत.

कर्ज खऱ्या, नोंदणीकृत संस्थेचं असेल तर मात्र समन्स टाळू नका, तारखेला हजर राहा. गैरहजर राहिलात तर एकतर्फी हुकूमनामा होतो, आणि मग पगाराला खरंच हात लागू शकतो.

शेवटी मी स्वतःच मालकांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. ज्या भीतीपायी साडेतेरा हजार घालवले, ती दहा मिनिटांत संपली. ते एवढंच म्हणाले, “पहिल्या दिवशी का नाही आलास?” फुलं सोडवायला त्यांनी उचल दिली. आता दर महिन्याच्या पगारपत्रकात माझ्या नावापुढे दीड हजारांची कपात मी स्वतः मांडतो, स्वतः सही केलेल्या कागदावरून.