शेतात ग्लायडर उतरवण्याचे प्रशिक्षण : वर्ग सुमार, शिवारफेरी उत्तम

ग्लायडरला इंजिन नसल्यामुळे वर नेणारे थर्मल, म्हणजे तापलेल्या हवेचे झोत, विरले आणि धावपट्टी आवाक्याबाहेर असली, तर जवळचे एखादे शेत निवडून उतरावे लागते. हे शेत कसे निवडावे, याचे एकदिवसीय प्रशिक्षण मी मार्चमध्ये सोलापूरजवळ घेतले.

वर्गात उंचीचा हिशेब समजावला गेला : जमिनीपासून 2000 फुटांवर उतरण्याजोगा टापू हेरायचा, 1500 वर शेत नक्की करायचे आणि 1000 फुटांवर सर्किट (उतरण्याआधीचा शेताभोवतीचा ठरावीक फेरा) सुरू केल्यावर निर्णय बदलायचा नाही. मात्र सोलापूरच समुद्रसपाटीपासून सुमारे 1500 फुटांवर असल्याने, समुद्रसपाटीनुसार लावलेला अल्टिमीटर (उंचीमापक) 3000 फूट दाखवतो तेव्हा खालची जमीन निम्म्याच अंतरावर असते, ही गोष्ट एकाने विचारल्यावर कुठे सांगण्यात आली. ती पहिल्या पाच मिनिटांतच यायला हवी होती. वाटलेली पुस्तिका तर सरळ युरोपातून उचललेली दिसली. तिच्यात गव्हाची खुंटे आणि कुरणातल्या गाई होत्या, उसाचे वा द्राक्षबागेचे नावही नव्हते.

दुपारी ड्रोनने काढलेल्या छायाचित्रांतून प्रत्येकाने एक शेत निवडायचे आणि मग तिथे चालत जाऊन ते पाहायचे, असा कार्यक्रम होता. मी निवडलेला ज्वारी काढलेला पट्टा छायाचित्रात पाटासारखा सपाट होता. प्रत्यक्षात भाऊवाटणीत पडलेला गुडघाभर उंच बांध त्याच्या मधोमध होता, जो वरून मला वाळल्या गवताची रेघ वाटला होता. आणि कडेच्या लिंबाआड विजेचा खांब होता, ज्यावरून विहिरीच्या मोटारीकडे गेलेल्या तारा मला अगदी जवळ जाईपर्यंत दिसल्या नाहीत. तारा शोधू नका, खांब शोधा आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असे धरून चाला, हा प्रशिक्षकांचा नियम मला तिथे पटला.

या प्रशिक्षकांना इथली पिके नेमकी ठाऊक आहेत. पुरुषभर वाढलेल्या ज्वारीत एक पंख अडकला की ग्लायडर गर्रकन फिरते, द्राक्षबागेतील लोखंडी अँगल आणि तारा कोणत्याही परिस्थितीत टाळायच्या, नांगरटीच्या काळ्या रानात ढेकळे असतात आणि पावसानंतर तेच रान चाक गिळते. अशा रानात उतरणे भागच पडले, तर नांगराच्या तासांच्या दिशेने उतरावे. उतार हवेतूनही डोळ्यांना जाणवत असेल, तर ते शेत सोडून द्यावे. वाऱ्याची दिशा त्यांनी दूरवर पेटवलेल्या पाचटाच्या धुरावरून दाखवली.

उतरल्यानंतर शेतकऱ्याला कसे भेटावे आणि पिकाच्या नुकसानीचे कसे बोलावे, यासाठी जेमतेम दहा मिनिटे मिळाली, ही उणीव मला खटकली. तरीही केवळ शिवारफेरीसाठी मी हे प्रशिक्षण सुचवेन. जाताना बूट घालावेत, कारण ज्वारीची धसकटे चपलेतून पायात घुसतात.