अकरावीचं फिजिक्स: जेईईची बॅच की बोर्ड-सीईटीची?

दहावीचा निकाल लागला की सोलापुरात पहिला वाद होतो तो लातूरला जायचं का, यावर. तो मिटवून जे इथेच राहणार आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. फी, वेळा, टॉपरांचे फोटो फ्लेक्सवर असतातच, ते सोडतो. अकरावीच्या सुरुवातीला मी जेईईच्या (आयआयटीसाठीची प्रवेश परीक्षा) आणि बोर्ड-सीईटीच्या (सीईटी म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा) अशा दोन्ही बॅचना बसून पाहिलं आणि मग एक बॅच धरली.

जेईईच्या बॅचचे सर हुशार होते, त्यात वाद नाही. मला खटकलं ते कॅल्क्युलस. गतीचा धडा सुरू होतो न होतो तोच फळ्यावर डिफरन्सिएशनच्या, म्हणजे बदलाचा दर काढायच्या, सूत्रांची यादी आली. "आत्ता पाठ करा, कशी आली ते मॅथ्समध्ये कळेल." आता राज्य मंडळाच्या अकरावीच्या गणितात डिफरन्सिएशन हे दुसऱ्या भागातलं शेवटचं प्रकरण. फिजिक्सच्या पुस्तकात दुसऱ्या प्रकरणात त्याची तोंडओळख आहे, पण ती तोंडओळखच. म्हणजे वर्षाचा मोठा भाग पोरं न कळलेलं हत्यार चालवतात. उत्तरं बरोबर येतात, हीच पंचाईत. शेजारच्याला विचारलं, स्थान आणि काळाच्या आलेखाचा चढ म्हणजे वेग का? तो म्हणाला, सूत्र तसंच आहे. काहींना हे चालतं. मला रोज टोचायचं.

मी धरली ती जुळे सोलापुरातली छोटी बोर्ड-सीईटीची बॅच. तिथे सरांनी एकसारखं त्वरण असताना वेग आणि काळाचा आलेख काढला. खाली आयत, त्याचं क्षेत्रफळ यूटी, म्हणजे सुरुवातीचा वेग गुणिले काळ. वर त्रिकोण, पाया टी, उंची एटी (त्वरण गुणिले काळ), म्हणून अर्धा एटी वर्ग. दोन्हींची बेरीज म्हणजे विस्थापन. मग विचारलं, वरची रेघ सरळ नसून वाकडी असली तर? आम्ही उभ्या पट्ट्या पाडत, त्या बारीक करत गेलो. इंटिग्रेशन हे नाव नंतर आलं, तोवर गोष्ट कळून चुकली होती.

उणिवा आहेतच. रोटेशनची अवघड गणितं तिथे फारशी होत नाहीत. बारावीत ऑसिलेशनला कॅल्क्युलसशिवाय गत्यंतर नाही, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत ते पक्कं करावं लागतं. आयआयटीच हवी असेल तर माझं ऐकू नका. जेईई मेनला बरोबर उत्तराला ४ आणि चुकल्यास वजा १, तिथे प्रश्न सोडून द्यायचाही सराव लागतो. सीईटीचं तसं नाही. फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न, ९० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि अकरावीचा वाटा साधारण २० टक्के. तो वेग शेवटच्या काही महिन्यांत पेपर सोडवून येतो, निदान मला आला.

केंद्र सरकारच्या 'स्वयम' या ऑनलाइन पोर्टलवर अकरावी-बारावीचं फिजिक्स फुकट आहे. उजळणीला छान, पण व्हिडिओला "ओ सर, थांबा की जरा" म्हणता येत नाही.

डेमोला गेलात तर एकच विचारा: अर्धा एटी वर्गमधला तो अर्धा आला कुठून? सर खडू उचलतात की सूत्र पुन्हा वाचून दाखवतात, तेवढं बघा. पूर्ण फी मात्र त्याच दिवशी भरू नका, हप्ते पाडून देतात.