सिगारेट की व्हेप: तोंडाचं जास्त नुकसान कशाने?

फर्ग्युसन रस्त्यावर कॉलेजची मुलं हमखास सांगतात, "सिगारेट सोडली, आता फक्त व्हेप. दातांना काही होत नाही." व्हेप म्हणजे द्रवाची वाफ ओढायची ई-सिगारेट. तिने डाग कमी पडतात, हे खरं. सिगारेटच्या धुरातल्या चिकट टारने दात पिवळे-काळे होतात, तोंडाला वास येतो. तोंडाच्या कर्करोगाशी तिचं नातं तर पक्कं सिद्ध झालंय. व्हेपमध्ये तंबाखू जळत नाही, टार नाही. इथे सिगारेटच जास्त घातक.

पण व्हेपचं नुकसान आरशात दिसत नाही, आणि मला धास्ती त्याचीच वाटते. व्हेपच्या द्रवातलं प्रॉपिलीन ग्लायकॉल हे रसायन तोंड कोरडं करतं. लाळ आटली की दातांवरचं आम्ल धुतलं जात नाही आणि कीड लागते. ग्लिसरीन आणि गोड स्वादांमुळे जंतूंना दातांना चिकटायला सोपं जातं. निकोटीन बहुतेक व्हेपमध्येही असतंच. त्याने हिरड्यांच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून आजार असूनही रक्त कमी येतं आणि हिरडी ठणठणीत वाटते.

शिवाय भारतात व्हेपच्या विक्रीवर २०१९ पासून बंदी आहे. चोरून घेतलेल्या नळीत नेमकं काय भरलंय, कोण तपासणार?

भाच्याला मी एवढंच म्हटलं, "ओढत असशील तर निदान दंतवैद्यापासून लपवू नकोस रे."