मॅड्स मिकेलसन: आधी 'द हंट' पाहावा की 'अनदर राउंड'?

मॅड्स मिकेलसन हा डॅनिश नट आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे तो खलनायक म्हणून. 'कसिनो रोयाल'मधील (२००६) डोळ्यातून रक्त ठिबकणारा ल शिफ्र, 'हॅनिबल' मालिकेतील टापटिपीचा नरभक्षक डॉक्टर आणि २०२३ च्या इंडियाना जोन्स चित्रपटातील नाझी शास्त्रज्ञ या भूमिकांनी त्याच्या निश्चल चेहऱ्याला जणू धोक्याची पाटीच लावून टाकली आहे. हाच चेहरा डेन्मार्कच्या चित्रपटांत काय करतो हे पाहायचे ठरवले, तर दोन नावे हमखास समोर येतात: 'द हंट' (२०१२) आणि 'अनदर राउंड' (२०२०). दोन्ही पाहावेत असे सांगणे सोपे आहे, पण एखाद्या शनिवारी रात्री त्यांतला एकच लावायचा असेल, तर निवड थोडा विचार करूनच केलेली बरी.

या दोन चित्रपटांची तुलना अन्याय्य ठरत नाही, कारण त्यांची मुळे एकच आहेत. दोन्हींचा दिग्दर्शक थॉमस विंटरबर्ग आहे, दोन्हींची पटकथा त्याने टोबियास लिंडहोमसह लिहिली आहे आणि दोन्हींची लांबी दोन तासांच्या किंचित आत आहे. दोन्हींत मिकेलसन शिक्षणक्षेत्रातलाच मध्यमवयीन माणूस आहे आणि दोन्हींत त्याच्या मित्राच्या भूमिकेत थॉमस बो लार्सन आहे. म्हणजे माणसे तीच, वातावरणही तेच. बदलते ती गोष्ट आणि तिने नटाकडून केलेली मागणी.

'द हंट'मधील लुकास हा गावातील बालवाडीत काम करणारा घटस्फोटित गृहस्थ आहे. त्याच्या जिवलग मित्राची लहान मुलगी क्लारा रागाच्या भरात त्याच्याविषयी एक खोटे वाक्य बोलून जाते आणि त्यातून लैंगिक अत्याचाराचा आरोप उभा राहतो. प्रेक्षकाला पहिल्यापासून सत्य ठाऊक असल्यामुळे येथे रहस्य काहीच नाही. जे आहे ते एका सज्जन गावाचे हळूहळू शिकारी होणे. बालवाडीतील चौकशीचा प्रसंग त्या दृष्टीने नीट पाहावा. प्रश्न विचारणारा माणूस मृदू आवाजात बोलतो, उत्तर मात्र प्रश्नातच भरून देतो, आणि बाहेर खेळायला जाण्यासाठी अधीर झालेली मुलगी अखेर मान डोलावते. या प्रसंगात वाईट वागणारे कोणीही नाही, आणि सारा अनर्थ तेथेच घडतो. मुलीला खलनायिका न करण्याचे भान चित्रपटाने शेवटपर्यंत राखले आहे.

या भूमिकेत मिकेलसनने केलेले सर्वांत अवघड काम म्हणजे लुकासला उशिरापर्यंत चिडू न देणे. सुपरमार्केटात मार खाऊन बाहेर फेकला गेलेला लुकास पुन्हा आत जातो आणि आपले सामान घेऊनच निघतो. त्या चालण्यात शौर्याचा आव नाही, केवळ किराणा घेण्याचा आपला हक्क सोडायला नकार आहे. नाताळच्या पूर्वसंध्येला तो सुजलेल्या चेहऱ्याने चर्चमध्ये येऊन बसतो, समोर बालवाडीतली मुले गात असतात आणि तो वळून वळून मागे बसलेल्या मित्राकडे पाहत राहतो. चष्म्याआडच्या त्या डोळ्यांत आधी विनवणी असते, मग अविश्वास आणि मग असे काही की पुढे काय होणार हे संवादाआधीच कळते. कान महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, त्याचे कारण या काही मिनिटांतच सापडते.

'अनदर राउंड'मधील मार्टिन हा कोपनहेगनमधील इतिहासाचा शिक्षक आहे. त्याच्यावर कोणाचाही आरोप नाही, उलट त्याची दखलच कोणी घेत नाही. विद्यार्थी कंटाळले आहेत, पालक तक्रार घेऊन आले आहेत, रात्रपाळी करणाऱ्या पत्नीशी बोलणे खुंटले आहे. चार सहकारी शिक्षक एका नॉर्वेजियन मानसोपचारतज्ज्ञाच्या नावावर सांगितली जाणारी कल्पना आजमावायचे ठरवतात: माणसाच्या रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल जन्मतःच कमी असते, तेव्हा ती उणीव दिवसभर भरून काढायची. वर नियम असा, की हेमिंग्वेप्रमाणे रात्री आठनंतर प्यायची नाही. मार्टिनचा पुढचा तास रंगतो. तीन उमेदवारांची वर्णने देऊन तो मुलांना मत द्यायला लावतो, आणि सवयींवरून नाकारलेले दोघे रूझवेल्ट व चर्चिल निघतात, तर निवडून दिलेला निर्व्यसनी उमेदवार हिटलर.

वाढदिवसाच्या जेवणाचा सुरुवातीचा प्रसंग मात्र या सगळ्याहून सरस आहे. गाडी चालवायची म्हणून पाणी पीत बसलेला मार्टिन मित्रांच्या आग्रहाने ग्लास उचलतो आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. डोळे भरून येतात, पण तो रडत नाही. मित्र त्याला जुन्या जॅझ बॅलेची आठवण करून देतात. अभिनयाकडे वळण्यापूर्वी मिकेलसन स्वतः अनेक वर्षे व्यावसायिक नर्तक होता, ही माहिती शेवटचे दृश्य पाहताना हाताशी असावी. ते दृश्य येथे सांगत नाही.

'अनदर राउंड'चे चित्रीकरण सुरू होऊन थोडेच दिवस झाले असताना विंटरबर्गची मुलगी इडा अपघातात गेली. चित्रपट तिलाच अर्पण केलेला आहे. त्यामुळे हा 'मद्यपानाचा विनोदी चित्रपट' समजून बसणाऱ्याला उत्तरार्ध जड जाईल. याला ऑस्कर मिळाले, 'द हंट'ला नामांकनावर थांबावे लागले. परंतु बांधणी पाहिली, तर 'द हंट' अधिक घट्ट आहे. 'अनदर राउंड'चा मधला भाग अपेक्षित वळणांनी जातो आणि मार्टिनच्या पत्नीच्या वाट्याला फार थोडे आले आहे.

माझे मत विचाराल तर आधी 'द हंट' पाहावा. तेथे या नटाने दोन तास आवरून धरलेले शरीर ज्याने पाहिले आहे, त्याला 'अनदर राउंड'मधले मोकळे होणे दुप्पट भिडते; उलट क्रमाने पाहिल्यास 'द हंट' तेवढाच चांगला राहतो, 'अनदर राउंड' मात्र थोडा उणावतो. याला दोन अपवाद आहेत. मुलांवरील अत्याचाराचा विषय ज्यांना सोसवत नाही त्यांनी 'द हंट'चा हट्ट धरू नये, कारण आरोप खोटा असला तरी विषय तोच आहे, शिवाय एका कुत्र्याच्या वाट्याला जे येते तेही सुसह्य नाही. आणि घरात कोणाचे व्यसन हा ताजा घाव असेल, तर 'अनदर राउंड' पुढे ढकलावा. तो मद्याची निंदा करत नाही आणि गौरवही पुरता नाकारत नाही.

दोन्ही नकोत असे वाटल्यास सुसान बीअरचा 'आफ्टर द वेडिंग' (२००६) घ्यावा. त्यात मिकेलसन भारतातील अनाथाश्रम चालवणारा याकोब आहे. देणगीच्या आशेने तो मायदेशी जातो आणि एका लग्नात त्याचा भूतकाळ समोर उभा राहतो. कथेत योगायोग जरा जास्तच आहेत, पण रोल्फ लासगोर्डसमोरचे त्याचे प्रसंग ते विसरायला लावतात. इतिहासाची आवड असणाऱ्याने 'अ रॉयल अफेअर' (२०१२) निवडावा. त्यात मिकेलसनने साकारलेला वैद्य स्ट्रुएन्से १७७२ मध्ये खरोखरच वधस्तंभावर गेला होता. 'व्हलहाला रायझिंग'मध्ये (२००९) मिकेलसन एकही शब्द बोलत नाही, आणि तो चित्रपट या सगळ्यांनंतर, त्याच्या चेहऱ्याची सवय झाल्यावरच, पाहण्यासारखा आहे.