फोन चांगला, खोक्यावरचा इशारा अपुरा

गेल्या पावसाळ्यापासून हा फोन वापरतो आहे. स्क्रीन, कॅमेरा आणि वेग यांविषयी इतरांनी भरपूर लिहिले आहे आणि या किमतीत त्यांबद्दल तक्रारीला जागा नाही. माझी तक्रार खोक्याविषयी आहे. संक्रांतीच्या सुमारास बॅटरी फुगली, तेव्हा जळगावच्या सेवा केंद्राने बिलाबरोबर खोकेही मागितले (बॅटरीची वॉरंटी सहाच महिन्यांची आणि ती नुकतीच संपलेली, त्यामुळे पैसे माझ्याच खिशातून गेले), आणि त्या निमित्ताने खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले ‘सार’ मूल्य प्रथमच नीट वाचले. काउंटरवरच्या मुलाला त्याचा अर्थ विचारला, तर उत्तर आले, “भाऊ, ते सगळ्याच फोनवर लिहेल राहतं.”

फोनच्या रेडिओलहरींची किती ऊर्जा शरीरात शोषली जाते, त्याचे हे माप. भारतात सप्टेंबर २०१२ पासून त्याची मर्यादा १.६ वॅट प्रति किलो आहे आणि ती १ ग्रॅम ऊतीवरची सरासरी असते. युरोपात मर्यादा २ वॅट, पण सरासरी १० ग्रॅमवर. म्हणून तिकडचा आकडा इकडच्या आकड्याशेजारी ठेवण्यात अर्थ नाही. स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश असे डायल केले की आपल्या फोनचे मूल्य पडद्यावर दिसते.

तेव्हा मला वाटले, की हा आकडा किमतीइतक्याच ठळकपणे दुकानात लावण्याची सक्ती हवी. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१० मध्ये साधारण तसाच कायदा केला होता. मोबाइल उद्योगाची संघटना न्यायालयात गेली आणि २०१३ मध्ये शहराला तो मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी, म्हणजे २०१० मध्ये, अमेरिकेच्याच मेन राज्यात थेट धोक्याचा इशारा छापण्याचे विधेयक आले होते, तेही बारगळले.

उन्हाळाभर फोन शेतात वापरल्यावर मात्र माझे मत बदलले. खोक्यावरचा आकडा फोन पूर्ण शक्तीने लहरी सोडत असतानाचा कमाल आकडा असतो. टॉवर जवळ असेल तर फोन आपली शक्ती आपोआप खूप कमी करतो. आमचे शेत यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. केळीच्या बागेत शिरले की रेंजची एकच काडी उरते आणि फोन जोर लावू लागतो. म्हणजे कमी आकड्याचा महागडा फोन घेऊन बागेत बोलणाऱ्यापेक्षा जास्त आकड्याचा फोन घेऊन भुसावळच्या बाजारात बोलणाऱ्याच्या डोक्यात कमी ऊर्जा जाऊ शकते. अशा आकड्यावरून फोन निवडायला लावणारा कायदा ग्राहकाची दिशाभूलच करील, आणि कंपन्या कमी आकड्याचे जादा पैसे लावतील ते वेगळेच.

अमेरिकेतल्याच बर्कली शहराचा २०१५ चा कायदा मला अधिक शहाणपणाचा वाटतो. त्यात आकडा नव्हता. चालू फोन खिशात अंगालगत ठेवल्यास ठरवून दिलेली मर्यादा ओलांडली जाऊ शकते, एवढीच सूचना विक्रेत्याने द्यायची होती. कारण अंगावर बाळगण्याची चाचणी फोन आणि शरीर यांत काही मिलिमीटर अंतर राखून होते, आणि बंडीच्या खिशात ते अंतर कोण राखतो? तोही कायदा २०२० मध्ये न्यायालयात संपला.

मी घाबरवू इच्छित नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘२ब’ म्हणजे ‘कर्करोगाची शक्यता असलेल्या’ गटात टाकले. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या लोणवलेल्या भाज्याही आहेत, आणि आमच्या घरी लोणचे बंद झालेले नाही. शिवाय लेबलापेक्षा तपासणी मोलाची: फ्रान्सने सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १२ ची विक्री थांबवली, ती हातात किंवा खिशात धरल्याच्या चाचणीत हातापायांसाठीच्या ४ च्या मर्यादेऐवजी ५.७४ वॅट आढळल्यामुळे.

माझ्या फोनमध्ये त्या अंतराची सूचना आहे, पण सेटिंगच्या तळघरात आणि इंग्रजीत. ती मराठीत खोक्याच्या झाकणावर छापावी, असे कंपनीला कळवले. उत्तरादाखल नव्या मॉडेलची जाहिरात आली. फोनला चार तारे देतो. पाचवा बॅटरीच्या बिलात वळता केला आहे.